अल्बम फोडू नका हो

मी जमवतो ते फोटो दुसऱ्या महायुद्धातले, चीनमधले, १९४३ ते १९४५ या काळातले आणि त्यातही एकाच प्रकारचे, म्हणजे अमेरिकन लोक जपान्यांशी लढणाऱ्या चिनी गुरिल्लांना ट्रेनिंग देतायत असे. कोणी मशीनगन खोलून दाखवतोय, कोणी रुळाखाली सुरुंग कसा लावायचा ते शिकवतोय, कोणी नुसताच पोरांबरोबर उकिडवा बसून सिगरेट ओढतोय. भुसावळमध्ये बसून हे कशाला, असं सगळे विचारतात, "काय करू राहिला रे भो, आपला काय संबंध त्या चिन्यांशी" हे तर नेहमीचंच. संबंध आहे, आणि तो आपल्या स्टेशनवरूनच जातो, ते पुढे सांगतोच. पण आज लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी, हे जुने अल्बम फोडून विकणं थांबलं पाहिजे, मला ते बघवत नाही.

आधी थोडा इतिहास सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मे १९४२ मध्ये मिल्टन माइल्स नावाचा अमेरिकन नौदलाचा एक अधिकारी चुंगकिंगला पोचला, तेव्हा तीच चीनची युद्धकाळातली राजधानी होती. नौदलाचा माणूस समुद्रापासून इतका आत कशाला, तर हवामानासाठी! पॅसिफिकमधलं हवामान पश्चिमेकडून सरकत येतं, म्हणजे आज चीनच्या आतल्या भागात जे ढग आहेत ते पुढे जपानच्या आसपासच्या समुद्रावर जाणार, आणि तिथे लढणाऱ्या जहाजांना ते आधी कळलं तर अर्धी लढाई तिथेच झाली. पण जपानी फौजांच्या मागे बसून हवेचा दाब आणि पाऊस मोजायचा, तो वायरलेसने कळवायचा, तर तिथे राखण करायला कोणीतरी हवं ना. ती राखण करणारी माणसं चीनच्या गुप्तहेर खात्याचा प्रमुख दाय ली याच्याकडे होती. तो म्हणाला माणसं माझी, हत्यारं आणि शिक्षण तुमचं. त्यातून १५ एप्रिल १९४३ ला करार झाला आणि साको ही दोन्ही देशांची मिळून संस्था उभी राहिली, प्रमुख दाय ली आणि उपप्रमुख माइल्स. म्हणजे परक्या देशात अमेरिकन माणूस दोन नंबरला, हे त्या काळी फारच वेगळं होतं, आणि वॉशिंग्टनमधल्या अनेकांना ते अजिबात आवडलं नव्हतं. ओएसएस, म्हणजे अमेरिकेची युद्धकाळातली गुप्तहेर संस्था, तिचा प्रमुख डोनोव्हन डिसेंबर १९४३ मध्ये स्वतः चुंगकिंगला येऊन दाय लीशी भांडून गेला आणि पुढे ओएसएसने चीनमध्ये स्वतःचं वेगळं काम वाढवलं. म्हणून या फोटोंमध्ये दोन घराणी आहेत, साकोचे आणि ओएसएसचे, आणि कुठला फोटो कुठल्या घराण्यातला हे ओळखणं हाच या छंदातला खरा आनंद आहे.

साकोचं मुख्य ठाणं चुंगकिंगजवळच्या एका दरीत होतं, अमेरिकन तिला हॅपी व्हॅली म्हणायचे. तिथून दूर दूर कॅम्प टाकले, त्यांना नंबर दिले. कॅम्प वन अनह्वेई प्रांतात, शीशीएन जवळच्या एका खेड्यात. कॅम्प फोर पार उत्तरेला गोबीच्या वाळवंटाच्या तोंडाशी, तिथल्या फोटोत घोडे आणि उंट दिसतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतच नाही की हा चीन आहे. एकूण अमेरिकन अडीच-तीन हजार असतील, नौदलाचे आणि थोडे मरीन. बहुतेकांचे कपडे कामचलाऊ, बिल्ला नाही, दाढी वाढलेली, कधी चिनी अंगरखा घातलेला. त्यांचं एक मजेशीर निशाण होतं, प्रश्नचिन्हं, उद्गारचिन्हं आणि चांदण्या अशी रांग काढलेली तिकोनी पताका. माइल्सने ती युद्धाच्या कितीतरी आधी स्वतःच्या जहाजासाठी केली होती. फोटोत कोपऱ्यात जरी ती पताका फडकताना दिसली तरी फोटो साकोचा, शंकाच नको.

आता भुसावळ. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडलं, पुढच्या महिन्यात लाशिओ पडलं आणि बर्मातून चीनला जाणारा बर्मा रोड बंद झाला, मग चीनला जायला एकच वाट उरली, हिंदुस्थानातून आसामला आणि आसामातून विमानाने हिमालयाचा कोपरा ओलांडून कुनमिंगला, हिलाच हंप म्हणतात. त्या वाटेवर सहाशेच्या आसपास विमानं पडली. पण आसामपर्यंत यायचं कसं? बरीच अमेरिकन जहाजं मुंबईला लागायची, आणि मुंबईहून कलकत्त्याला जाणारी गाडी, मग ती नागपूरवरून जावो नाहीतर इटारसी-जबलपूर-अलाहाबादवरून, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळपर्यंत येणारच, फाटा इथेच फुटतो. पुढे आसामसाठी छोट्या गेजची गाडी, अमीनगावला ब्रह्मपुत्रेवर फेरी, पलीकडे पांडू, परत गाडी. माझे आजोबा इथे लोको शेडला होते, ते सांगायचे की गोऱ्या सोल्जरांच्या स्पेशल गाड्या थांबायच्या तेव्हा पाणी भरेपर्यंत सगळे खाली उतरून पोरांना च्युइंगगम वाटायचे, आणि त्यातले अमेरिकन कोणते आणि इंग्रज कोणते हे शेडमधल्या फिटरांना चालण्यावरून कळायचं. मी लहानपणी हे ऐकून सोडून द्यायचो. पुढे इंटरनेटवर पहिल्यांदा एका अमेरिकन सैनिकाच्या अल्बमची पानं बघितली तेव्हा सुरुवातीच्या पानांवर मुंबईचं गेटवे, मग व्हीटी, मग कुठल्यातरी जंक्शनवरची पाण्याची टाकी, केळीवाला, मग कलकत्ता, मग ब्रह्मपुत्रा, मग पंखाखाली बर्फाचे डोंगर, आणि मग चीन. बघता बघता अंगावर काटा आला. हाच तो प्रवास. चीनमध्ये सुरुंग शिकवणारा माणूस आधी आपल्या प्लॅटफॉर्मवरून गेला होता.

आणि इथेच फोडाफोडीचा प्रश्न येतो.

हे अल्बम बहुतेक असे येतात की तिकडे एखादा म्हातारा वारतो, घर रिकामं करायला माणसं बोलावतात, अल्बम लॉटमध्ये जातो, डीलर उचलतो. डीलरला माहीत असतं की गिऱ्हाईक कशाला पैसे देतं, तर हत्याराला. थॉम्पसन गन दिसली, कार्बाइन दिसली, त्यातून शेजारी चिनी गुरिल्ला, की भाव दहापट. मग तो ते फोटो पानावरून ओरबाडून एकेक सुटे विकतो, आणि हिंदुस्थानातली पानं, बैलगाडी, साधू, स्टेशन, ही "इंडिया टुरिस्ट फोटो" म्हणून ढिगाने स्वस्तात. पोथीची पानं सुटी करून ज्याच्यावर चित्र आहे तेवढंच विकावं, तसा हा प्रकार आहे. मी तो स्वस्त ढीग घेतो. सुरुवातीला परवडतं म्हणून घ्यायचो, आता मुद्दाम घेतो, कारण तारीख आणि वाट तिथेच लिहिलेली असते. चीनमध्ये सेन्सॉरच्या भीतीने माणूस फोटोखाली काही लिहीत नाही, किंवा नुसतं "कॅम्प" लिहितो, पण हिंदुस्थानात असताना तो मोकळा असतो, काळ्या पानावर पांढऱ्या शाईने गाव, महिना, बरोबरच्या मित्राचं टोपणनाव सगळं लिहितो. फोटोमागे कलकत्त्याच्या स्टुडिओचा शिक्का असतो. तो महिना कळला की माणूस कुठल्या तुकडीबरोबर आत गेला याचा अंदाज येतो, आणि तिथून कॅम्पचा.

एक उदाहरण सांगतो, हे माझ्या कलेक्शनमधलं सगळ्यात लाडकं आहे. माझ्याकडे अशाच ढिगातून आलेली काही काळी पानं होती, त्यात एका पानावर मधला फोटो ओरबाडलेला, कागदाची वरची साल निघालेली, खाली पांढऱ्या शाईत दोनच शब्द, माणसाचं टोपणनाव आणि "विद्यार्थी". पुढे बऱ्याच काळाने अगदी वेगळ्या सेलरकडे एक सुटा फोटो दिसला, त्याने मागची बाजूपण टाकली होती (देव त्याचं भलं करो, कोणी टाकत नाही) आणि मागे काळ्या कागदाचे तुकडे चिकटलेले. मी ते स्क्रीनवर मोठं करून माझ्या पानाच्या स्कॅनशेजारी ठेवलं, उलटं केलं, आणि कडेन् कड जुळली. त्या रात्री झोप लागली नाही, आणि फोटो पोस्टाने येईपर्यंत रोज पोस्टमनला विचारत होतो.

फोटो साधारण सव्वादोन बाय सव्वातीन इंचाचा, कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह जेवढी तेवढाच, कडा नागमोडी कापलेल्या. एक उंच अमेरिकन, डोक्याला काही नाही, वाकून एका मुलाच्या कोपराला हात लावून सांगतोय की कोपर आत घे. मुलगा सोळा-सतराचा असेल, पायात गवताच्या चपला, पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या, डोक्याला कापडी टोपी, हातात कार्बाइन. मागे आणखी सहा-सात जण ओळीत बसलेत, एक चष्मेवाला मात्र उभा आहे, हातात वही, तो दुभाषा असणार, कारण शिकवणं सगळं दुभाष्यामार्फतच चालायचं. त्याच्यामागे देवळासारखं वळणाचं छप्पर. वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले माझे मामा आहेत, काडतुसांमध्ये आयुष्य गेलं त्यांचं, त्यांना दाखवला तर त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हे पोरगं पहिल्यांदा नाही धरू राहिलं बंदूक, त्याचं बोट पाय कुठे हाये." बोट ट्रिगरच्या बाहेर, नीट सरळ. आणि ते बरोबरच होतं, कारण साकोकडे शिकायला येणारे बरेचसे कोरे नव्हते, दाय लीच्या गनिमी फौजेतले, आधीच लढलेले होते, त्यांना नवीन काय होतं तर अमेरिकन हत्यार, स्फोटकं आणि वायरलेस. फोटोत गुरू एक आणि शिष्य सात दिसतात खरं, पण जपान्यांच्या नाकाखालून पायवाटेने त्या अमेरिकनाला या देवळापर्यंत आणलं कोणी, तर त्या सातांसारख्यांनीच.

ओळखण्याबद्दल थोडं, कारण बाजारात खूप गोंधळ आहे. "चायनीज गुरिल्ला" म्हणून विकले जाणारे पुष्कळ फोटो रामगढचे असतात, म्हणजे आपल्याच आत्ताच्या झारखंडमधले. १९४२ पासून अमेरिकन जनरल स्टिलवेलने तिथे चिनी सैनिकांना अमेरिकन प्रशिक्षकांकडून तयार केलं, ते नियमित सैन्य होतं, बर्मात परत लढायला जाणारं. त्यांच्या डोक्यावर लोखंडी हेल्मेट, अंगात खाकी, पायात बूट, आणि मागे बघा, खाट दिसेल, पखालवाला दिसेल, आपल्याकडचं झाड दिसेल. आपल्या डोळ्याला ते एका सेकंदात कळतं, अमेरिकन डीलरला कळत नाही, हा आपला फायदा. दुसरा प्रकार कुनमिंगचा, १९४५ मधला. ओएसएसने युरोपात, फ्रान्समध्ये जर्मन फौजांच्या मागे उतरलेले आपले लोक इकडे आणले आणि चिनी कमांडो तयार केले, पॅराशूटसकट. त्यांचे फोटो झकास असतात, उडी मारायचा मनोरा, विमानाच्या दारातली रांग, पण ते गुरिल्ला कमी आणि पॅराट्रूपर जास्त, अंगावर पूर्ण अमेरिकन सामान. त्यातले बरेच आर्मी सिग्नल कोअरने काढलेले, आणि त्याच्या मूळ प्रिंटच्या मागे नंबर, तारीख, फोटोग्राफरचं नाव, कॅप्शन, सगळं असतं. हे अमेरिकन सरकारचे फोटो असल्यामुळे त्यावर कॉपीराइट नाही, मेरीलँडमध्ये कॉलेज पार्कला त्यांचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, तिथले पुष्कळ स्कॅन फुकट बघता येतात. त्यामुळे असा अधिकृत फोटो कोणी "जगात एकच" म्हणून विकत असेल तर पाकीट बंद ठेवा.

नकली प्रिंटसाठी एक साधी युक्ती. फोटोच्या कागदात चकाकी आणणारं रसायन १९५० च्या दशकापासून यायला लागलं, त्यामुळे नंतरचा कागद अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली निळसर चमकतो, चाळीसच्या दशकातला चमकत नाही. मी वेगळा दिवा घेतलेला नाही, जळगावला कापसाच्या दलालीत असलेला मित्र आहे, त्याच्या पेढीवर नोटा तपासायचं मशीन आहे, त्याखाली धरतो. चमकला नाही म्हणजे खराच असं नाही, पण चमकला तर गेला.

एक गोष्ट मला फार वाटते, हे सगळे फोटो शिकवण्याचे आहेत, लढाईचा जवळजवळ एकही नाही. नसणारच, पूल उडवायला अंधारात चाललेल्या माणसाबरोबर कोण कॅमेरा घेऊन जाईल. आपल्याकडचंच घ्या, १४ एप्रिल १९४४, चीनमध्ये साकोचे कॅम्प भरात होते त्याच दिवसांत आपल्या धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि इतर कार्यकर्त्यांनी इंग्रज सरकारचा खजिना लुटला, साडेपाच लाखांच्या आसपास. त्याचा फोटो आहे का? नाही. असता तर तो पोलिसांच्या फायलीत पुरावा झाला असता. चीनच्या गुरिल्लांचे फोटो आहेत ते यासाठी की शेजारी एक अमेरिकन होता, त्याला घरी आईला दाखवायचं होतं. गनिमी लढाईतल्या साध्या माणसाचा चेहरा असा टिकणं ही जगात दुर्मीळ गोष्ट आहे, आणि म्हणून मला हे फोटो इतके मोलाचे वाटतात.

मराठी माणसाला चीनचं ते युद्ध आठवतं ते सोलापूरच्या डॉ. कोटणीसांमुळे, १९३८ ला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. पण ते उत्तरेला कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर होते. माझ्या फोटोतली पोरं कम्युनिस्टांच्या विरोधातल्या चियांग कै-शेकच्या सरकारच्या बाजूची. जपानी हरल्यावर यांचं नशीब फिरलं. दाय ली १७ मार्च १९४६ ला विमान अपघातात गेला, त्याच वर्षी साकोचा गाशा गुंडाळला, यादवी युद्ध झालं आणि १९४९ मध्ये कम्युनिस्ट जिंकले. चुंगकिंगमध्ये त्या हॅपी व्हॅलीच्या परिसरात झाझिदोंग आणि बायगोंगग्वान हे तुरुंग होते, तिथे २७ नोव्हेंबर १९४९ ला, हरून पळता पळता, चियांगच्या माणसांनी कैद्यांची कत्तल केली. अमेरिकन तोपर्यंत निघून गेले होते, पण चीनमध्ये साकोचं नाव कित्येक वर्षं त्या कत्तलीशी जोडून घेतलं गेलं, आजही तिथे स्मारक आहे. मला वाटतं दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघायला हव्यात. दाय लीचं खातं क्रूर होतं, विरोधकांना तुरुंगात सडवणारं, आणि अमेरिकनांना ते दिसत होतं, त्यांनी युद्धासाठी डोळे मिटले. त्याच वेळी तो गवताच्या चपलेतला मुलगा जपान्यांशी लढायला निघाला होता, हेही खरं.

आणि पुढे त्या मुलाचं काय? अमेरिकनाबरोबरचा फोटो घरात सापडणं म्हणजे पुढच्या काळात, विशेषतः १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत, संकटच. तिथल्या कितीतरी कुटुंबांनी असे फोटो भीतीने स्वतःच्या हाताने जाळले. म्हणजे त्या घरात आज आजोबाचा तरुणपणाचा चेहरा नाही. तो चेहरा कुठे असेल तर ओहायोच्या नाहीतर टेक्ससच्या माळ्यावर, एका काळ्या पानावर. अमेरिकनाचं नाव मिळतं हो, यादी असते, पेन्शन असते, थडग्यावर नाव असतं. चिनी मुलाच्या नावाच्या जागी "विद्यार्थी", "गुरिल्ला", फार तर "आमचा पोऱ्या". त्याला शोधायचा एकच धागा, कुठला कॅम्प, कुठला महिना, शेजारी कोण, मागच्या पानावर कुठलं गाव. तो धागा म्हणजे अल्बमचा क्रम. डीलर फोटो ओरबाडतो तेव्हा कागद फाटतो तो फाटतोच, पण कोणाच्या तरी नातवाला आजोबा सापडायची शक्यताही तिथेच संपते. म्हणून मला एवढा राग येतो. पैसे कमवा ना, पूर्ण अल्बमला जास्त घ्या, मी स्वतः देतो, पण फोडू नका.

कोणाकडे जुने अल्बम असतील, कुठल्याही विषयाचे, लग्नाचे, रेल्वेचे, तर एवढं करा. आधी पान जसं आहे तसं पूर्ण स्कॅन करा, मग फोटो सैल असेल तरच मागची बाजू. चिकटलेला फोटो ओढू नका. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने कधीच नाही. प्लॅस्टिकच्या साध्या पिशव्या आणि ते चिकट फिल्मवाले अल्बम फोटो खातात, पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशव्या मिळतात त्या वापरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट म्हणजे भट्टी, त्यामुळे घरातल्या सगळ्यात आतल्या, गार खोलीत खालच्या कप्प्यात ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेल ठेवून ते अधूनमधून बदला, आणि कसर लागली का बघत राहा, तिला जुना डिंक फार आवडतो.

सध्या एका सेलरबरोबर बोलणं चाललंय. त्याच्याकडे बऱ्यापैकी पूर्ण अल्बम आहे, मुंबईपासून सुरू होतो, मध्ये आसाम, आणि शेवटच्या पानांवर ती पताका स्पष्ट दिसते. तो सुटे फोटो लावणार होता, मी त्याला लांबलचक मेल लिहिला, वरचं सगळं सांगितलं, त्या मुलाबद्दल पण सांगितलं. त्याने उत्तर दिलं की रविवारपर्यंत थांबतो, पण किंमत पूर्ण घेणार, आणि शिपिंग वेगळं. आकडा मोठा आहे. बायकोशी बोललो, ती म्हणाली यंदा टीव्ही राहू दे. मामांनी पण अर्धे देतो म्हणून सांगितलंय, अट एकच, आल्यावर सगळ्यात आधी त्यांना दाखवायचा.